चालणाऱ्या मुलासाठी रॅम्प

ज्याच्यासाठी घर बांधायचं होतं तो मुलगा पहिल्याच दिवशी चालत आला आणि आम्हा स्वयंसेवकांतले निम्मेअधिक गोंधळले. ‘व्हीलचेअरच्या मुलासाठी घर’ एवढंच कानावर आलेलं. आणि हा आठ वर्षांचा पोरगा पोट पुढे काढून, टाचा न टेकवता, डुलत डुलत जागेवर फिरत होता, विटांच्या थप्प्या मोजत होता. नव्याने आलेला कॉलेजचा एक मुलगा माझ्या कानाशी कुजबुजला, “ताई, हा तर चालतोय की!”

मग तो खडीतले चकचकीत दगड वेचायला खाली बसला. उठायची वेळ आली तेव्हा आधी ओणवा झाला, दोन्ही हात जमिनीवर. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि स्वतःच्याच मांड्यांवरून हात वर सरकवत, शिडी चढावी तसा, तो उभा राहिला. कुजबुजणारा गप्प झाला. डॉक्टर या उठण्याला ‘गॉवर्स साइन’ म्हणतात. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली त्याचं वर्णन करून ठेवलंय. मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात तयार होत नाही, त्यामुळे स्नायू झिजत जातात. आधी कंबर आणि मांड्या, मग खांदे आणि दंड, पुढे श्वासाचे आणि हृदयाचे. बहुतेक मुलांचं चालणं १० ते १२ वर्षांच्या सुमारास थांबतं. स्टेरॉइडमुळे ते काहीसं लांबतं. आईवडिलांना हे सगळं ठाऊक होतं. मुलाला किती ठाऊक होतं ते आम्हाला बरंच उशिरा कळलं.

मी नोकरीत आकडेमोड करते म्हणून मोजमापांची वही माझ्याकडे आली. गटात बांधकामातलं खरं कळणारे मोजके: आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर, मिस्त्री आणि सुतारकाका. बाकी आम्ही सगळे घमेली उचलणारे. वायरिंग आणि स्लॅबच्या सळया यांना आम्ही हात लावायचा नाही, हा नियम इंजिनीअरने पहिल्या मिनिटाला सांगितला आणि ते फार बरं झालं.

पहिली बैठक दोन तास चालली आणि त्यात एकही रेघ ओढली गेली नाही. बाबांनी यादी करून आणली होती: दांड्या, हॉइस्ट (माणसाला झोळीत उचलून नेणारं यंत्र), कमोडच्या बाजूचे हँडल, हॉस्पिटलसारखी कॉट, सगळं पहिल्या दिवसापासून. आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “तो चालतोय तोवर घर चालणाऱ्या माणसाचं दिसू दे. रोज उठून त्याने त्या दांड्या बघायच्या का?” बाबा म्हणाले, “नंतर पैसे कुठून आणायचे? ही माणसं नंतर असणार आहेत का?” दोघांचंही खरं होतं. आम्ही नंतर नसणार, हे तर अगदीच खरं होतं.

आर्किटेक्टने मग वेगळ्याच बाजूने सुरुवात केली. ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द रूढ करणारा अमेरिकन आर्किटेक्ट रॉन मेस याला लहानपणी पोलिओ झाला होता, तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा. त्याचं म्हणणं असं की जागा मुळातच अशी आखावी की ती सगळ्यांना वापरता येईल, ‘अपंगांसाठी’ अशी वेगळी ओळखूच येऊ नये. रुंद दार हे फक्त रुंद दार असतं, बघणाऱ्याला त्यात आजार दिसत नाही. तेव्हा यादीचे दोन भाग करू या, ती म्हणाली. जे नंतर बदलायचं तर भिंत फोडावी लागेल ते सगळं आत्ता. जे नंतर चार स्क्रूंनी बसेल ते नंतर, पण त्या चार स्क्रूंना धरायला भिंतीत काय हवं ते आत्ता. आईने मान हलवली. बाबांनी यादीवर खुणा करायला घेतल्या. मला विचाराल तर घर त्या दिवशीच निम्मं झालं.

दुसरी गोष्ट जी मी कुठल्याही गटाला करायला सांगेन ती म्हणजे चुन्याचं घर. पाया खणण्याआधी आम्ही मोकळ्या जमिनीवर चुन्याने पूर्ण मापात नकाशा आखला. पलंगाच्या जागी पलंगाएवढी सतरंजी, कमोडच्या जागी पालथी बादली. एक साधी व्हीलचेअर मागून आणली आणि प्रत्येकाला त्यात बसवून बेडरूममधून बाथरूमपर्यंत जायला लावलं. रेघेवर चाक गेलं की भिंतीला धडकलात. पहिल्या फेरीत सगळेच धडकले. कागदावर दीड मीटर व्यासाचं वर्तुळ फिरायला पुरेसं वाटतं. साध्या खुर्चीला ते पुरतंही. पण थेरपिस्ट ताईंनी एकाला बोलावून घेतलं होतं, याच आजाराचा, विशीतला तरुण, मोटरच्या खुर्चीवर. त्याची खुर्ची लांब, पाय टेकायची पट्टी पुढे आलेली, पाठ मागे कलती. त्याने आमच्या चुन्याच्या बाथरूममध्ये एकदा वळून दाखवलं आणि तीन रेघा पुसल्या गेल्या. बाथरूम तिथल्या तिथे ३० सेंटीमीटरने वाढलं. हॉलमधून तेवढे कमी झाले. हॉलबद्दल नंतर कुणाची तक्रार ऐकली नाही.

तो तरुण तासभर थांबला. मी वहीत त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलंय. स्विच किती उंचीवर, असं आम्ही विचारलं तर तो हसला. “उंचीने काय होतंय? माझा हातच उचलत नाही. रिमोटवर चालतील असे करा, किंवा वायर तरी सोडून ठेवा.” पलंगाजवळ प्लग किती? आम्ही दोन धरले होते. त्याने मोजून दाखवले: खुर्चीचा चार्जर, पलंगाची मोटर, गादीचा पंप, रात्री श्वासाला आधार देणारं मशीन, कफ काढायचं मशीन, फोन. सहा. “आणि वीज गेली तर मशीन चालू राहील अशी सोय. ती मात्र विसरू नका.”

मग म्हणाला, “खिडकी खाली घ्या. मी बराच वेळ पडून असतो. माझ्या खोलीतून मला फक्त पंखा दिसतो.”

हे सगळं मुलाच्या आईसमोर चाललं होतं. थेरपिस्ट ताई अस्वस्थ झाल्या, विषय बदलायला बघत होत्या. आईने त्यांना हातानेच थांबवलं आणि त्या तरुणाला एकच प्रश्न विचारला. “तुमच्या आईची पाठ कशी आहे?”

“ऑपरेशन झालं,” तो म्हणाला. “मला उचलून उचलून.”

हॉइस्टसाठी स्लॅबमध्ये सोय करायची की नाही यावर आमचा तोवर वाद चालू होता. त्यानंतर तो वाद कुणी काढला नाही. खिडकीचा कट्टा नेहमीच्या तीन फुटांवरून दोन फुटांवर आला, बाहेरून मजबूत जाळी धरून.

आता रॅम्प. रॅम्प म्हणजे उतरती फरशी, त्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. हिशेब साधा आहे: १ सेंटीमीटर चढायला कमीत कमी १२ सेंटीमीटर लांबी. मिस्त्रींनी जोतं नेहमीप्रमाणे दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर धरलेलं. म्हणजे ५.४ मीटर रॅम्प, आणि वर दारासमोर खुर्ची थांबवून कडी काढता यावी म्हणून दीड मीटर सपाट जागा. आमच्याकडे दारापासून कुंपणापर्यंत सहाच मीटर. जोतं खाली आणा म्हटल्यावर मिस्त्री भडकले. “पावसाचं पाणी घरात शिरलं की मला शिव्या घालाल.” त्यांचंही बरोबर. शेवटी जोतं ३० सेंटीमीटरवर आणलं, घराभोवती जमीन बाहेरच्या बाजूला उतरती केली आणि दारासमोर आडवी गटार काढून तिच्यावर जाळी टाकली. जाळीच्या फटी खुर्चीच्या वाटेला आडव्या हव्यात, उभ्या नव्हे, नाहीतर पुढची लहान चाकं बरोबर त्यात अडकतात. आमची जाळी पहिल्यांदा उभीच बसली होती. फिरवली.

३० सेंटीमीटर झाल्यावर १:१२ ने ३.६ मीटरमध्ये काम भागलं असतं. थेरपिस्ट ताई नको म्हणाल्या. मला तोवर कळलंच नव्हतं की ज्याच्या मांड्यांत जोर नाही अशा चालणाऱ्याला चढापेक्षा उतरणं अवघड जातं. पाय पुढे टाकला की गुडघा घडी पडल्यासारखा दुमडतो. आणि अशा मुलाला पडणं परवडत नाही. पाय मोडून काही आठवडे झोपून राहिला तर पुन्हा उभा राहीलच असं नाही. म्हणून उतार १:१५ केला, साडेचार मीटर. वरची दीड मीटर धरून बरोबर सहा. वहीत तो आकडा जुळलेला बघून मला जो आनंद झाला तो ऑफिसात आजवर झालेला नाही. दोन्ही बाजूंना कठडे, मुलाच्या उंचीला एक दांडी आणि मोठ्यांच्या उंचीला दुसरी. काँक्रीट ओलं असताना त्यावरून झाडू आडवा ओढून रेषा काढल्या, पाय घसरू नये म्हणून. पायऱ्या काढल्याच नाहीत. सगळ्यांना एकच वाट.

इथे एक कुरकुर नोंदवते. स्लॅब टाकायच्या दिवशी चाळीसजण आले. फोटो निघाले. पुढे किमान सात दिवस, जमलं तर चौदा, त्या स्लॅबवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं होतं. त्याला दोघं आली: मी आणि तो कुजबुजणारा कॉलेजचा मुलगा. रंगकामाच्या दिवशी पुन्हा तीस. ब्रश कमी पडले. स्वयंसेवकांनी घर बांधलं असं म्हणतात ते खरं, पण ते घर कुठल्या दिवशी कितीजणांनी बांधलं हे कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या वहीत आहे.

त्याच वहीत माझी चूकही आहे. सुतारकाकांनी चौकटी विचारल्या तेव्हा मी सांगितलं, “तीन फुटी.” दार तीन फुटी म्हणजे ९० सेंटीमीटर, भरपूर झालं. काकांनी नेहमीच्या पद्धतीने बाहेरून बाहेर ९० च्या चौकटी केल्या. मिस्त्रींनी त्या मापाने भिंती उचलल्या. चौकटी उभ्या राहिल्यावर थेरपिस्ट ताईंनी सहज टेप लावली. दोन्ही बाजूंचं लाकूड साडेसहा-साडेसहा सेंटीमीटर. आत उरले ७७. दार उघडल्यावर फळी स्वतःच्या जाडीने आत येते, आणखी साडेतीन गेले. खुर्ची जाण्यासाठी खरी जागा साडेत्र्याहत्तर. वर कडीचा दांडा आडवा. मोटरच्या खुर्चीची रुंदी ६५-६६, हात आणि कोपरं धरली की चामडी सोलून निघणार, आणि पॅसेजमधून काटकोनात वळून आत शिरायचं तर ते अशक्यच. व्हीलचेअरच्या दाराचं माप कायम असंच घ्यायचं असतं: दार काटकोनात उघडायचं आणि फळीपासून समोरच्या पट्टीपर्यंत टेप धरायची. हे मला सांगितलेलं होतं. मी ‘३ फूट’ लिहून मोकळी झाले होते.

काकांनी पर्याय सुचवला, फळी पूर्ण बाजूला जाईल अशा बिजागऱ्या लावू. त्याने फळीची जाडी वाचते, चौकटीचं लाकूड कुठे जातंय? ७७ च. चार दारं होती. मी मिस्त्रींकडे गेले आणि सांगितलं की माझी चूक आहे, भिंती फोडायला लागतील. ते काही बोलले नाहीत. छिन्नी-हातोडा माझ्या हातात दिला. दोन दिवस लागले. वरची लिंटल, म्हणजे दारावरची काँक्रीटची पट्टी, सुदैवाने लांब धरलेली होती, ती वाचली. नव्या चौकटी बाहेरून १०५ च्या, आत साडेअठ्ठ्याऐंशी मोकळे. बाथरूमचं दार सरकतं केलं. उंबरे कुठेच ठेवले नाहीत.

बाथरूममध्ये उंबरा नाही म्हटल्यावर पाणी खोलीत येणार, हा पुढचा वाद. त्यासाठी तिथली जमीन आधीच खाली सोडली होती. टाइल्स लागल्यावर आतबाहेर एकच पातळी, आणि आत मोरीकडे १:५० चा उतार. याहून जास्त उतार दिला तर आंघोळीची खुर्ची ब्रेक लावूनही सरकते. मिस्त्रींनी तो उतार पाण्याच्या नळीने लेव्हल धरून दिला आणि एक बादली ओतून आम्हाला दाखवला. पाणी सगळं मोरीत गेलं, एका कोपऱ्यात मात्र तळहाताएवढं साचून राहिलं. आम्ही सगळे खूश होतो. त्यांनी त्या कोपऱ्यातल्या चार टाइल्स उखडल्या.

दांड्या आत्ता नाहीत, पण पुढे त्यांना माणसाचं सगळं वजन धरायचंय. चार इंची विटांच्या भिंतीत नुसता स्क्रू बसवून ते होत नाही. म्हणून कमोडच्या बाजूला, मागे आणि आंघोळीच्या जागी भिंतीत काँक्रीटचा सलग पट्टा ओतला, ६० ते १०० सेंटीमीटर उंचीपर्यंत, लहान-मोठ्या कुठल्याही उंचीला दांडी लावता यावी असा. प्लास्टर झाल्यावर तो दिसेनासा होणार. तेव्हा प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला टेप चिकटवून मी फोटो काढले, पाइप आणि वायर कुठून गेल्यात त्यांचेही, छापून फाइलमध्ये लावले. पाच-सहा वर्षांनी जो कुणी ड्रिल घेऊन येईल त्याला आमच्यातलं कुणी भेटणार नाही, फाइल भेटेल. मी या घरात केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच असावं.

हॉइस्टचं गणित इंजिनीअरने सोडवलं. छताला लागलेल्या रुळावरून झोळीत बसवून पलंगावरून थेट कमोडवर न्यायचं तर रूळ मध्ये तुटून चालत नाही, आणि बेडरूम-बाथरूमच्या मधल्या दारावरची भिंत बरोबर आडवी येते. म्हणून ते दार छतापर्यंत उघडं ठेवून वर लाकडी फळी बसवली, गरज पडली की निघणारी. स्लॅबमध्ये एका ओळीत सहा लोखंडी प्लेट्स सळयांना जोडून सोडल्या. शटरिंग निघाल्यावर छतावर सहा चौकोन दिसायला लागले.

मुलगा त्यांच्याकडे मान वर करून बघत होता. “हे काय?”

कुणी बोलेना. मिस्त्री म्हणाले, “झोपाळा टांगायला.”

“सहा झोपाळे?”

मिस्त्रींना उत्तर सुचलं नाही. मुलगा म्हणाला, “ते मला उचलायला आहे. मोठा झाल्यावर. मला माहितीये.” मग जरा थांबून, “पण झोपाळा पण लावा.”

आईच्या हातात पाण्याची बाटली होती. तिने टोपण उघडलं, परत लावलं. मग मिस्त्रींना म्हणाली, “दादा, लागेल का हो झोपाळा?” इंजिनीअरला विचारून लावला. पाठीला आधार असलेला, चौथ्या आणि पाचव्या प्लेटला. ज्या गोष्टीपासून आम्ही सगळे त्याला वर्षभर जपत होतो ती त्याला आधीपासून माहीत होती, आणि जपण्याचा त्रास आम्हालाच जास्त झाला होता.

राहायला गेले त्या दिवशी मी नव्हते, ताप होता. दीड वर्षाने गेले. मुलगा आता दहाचा. घरात भिंत धरून चालतो, बाहेर जायचं तर खुर्ची, साधीच, पण ती स्वतः ढकलायचा हट्ट. कमोडजवळ एक दांडी लागली होती. बाबांनी फाइल बघून भोक कुठे पाडायचं ते ठरवलं, पहिल्या फटक्यात काँक्रीट लागलं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. खिडकीच्या कट्ट्यावर खडीतले चकचकीत दगड ओळीने मांडलेले.

मी निघताना तो खुर्ची घेऊन आला. त्याच्या खोलीच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंग उडून लाकूड दिसत होतं. पाय टेकायच्या पट्टीचे ओरखडे.

“मावशी, हे दार अजून बारीकच आहे,” तो म्हणाला.

टेप माझ्या पर्समध्ये असतेच हल्ली. दार काटकोनात उघडून मोजलं. साडेअठ्ठ्याऐंशी.

“दार बरोबर आहे,” मी म्हटलं. “तू वेगात येतोस.”

“परत मोज,” तो म्हणाला, आणि वळून पुन्हा वेगात आत गेला.